हवामानकाका आणि सासरचे देश

कोपरीतल्या एका तळमजल्यावरच्या घरात मी एकदा फोन उचलला आणि परदेशातल्या चार सज्जन गृहस्थांना त्यांच्या महाराजांची तसबीर तांदळाच्या डब्यात पुरायला लावली. माझा हेतू अगदी शुद्ध होता. घरमालक काका आंघोळीला गेलेले, त्यांच्या बायकोला ऐकू येत नव्हतं आणि फोन ठणाणा वाजत होता. पलीकडून मराठी आवाज आला, "काका, हवामान कसंय?" आता एवढ्या लांबून कुणी आपुलकीनं विचारतंय म्हटल्यावर मी खिडकीतून आभाळ नीट न्याहाळलं आणि सांगितलं, "सकाळपासून ढगाळ आहे. संध्याकाळी पाऊस येणार. चांगला जोरात येईलसं वाटतंय." मग नुसतं "बरं" आणि फोन बंद. माणूस कमी बोलणारा दिसतो, असं मला वाटलं.

काका टॉवेल गुंडाळूनच बाहेर आले. काय बोललो ते मी अभिमानानं सांगितलं. त्यांचा चेहरा साबणासारखा पांढरा झाला. कारण काकांच्या उपासना मंडळाच्या भाषेत 'ढगाळ' म्हणजे आपल्यावर कुणाची तरी नजर आहे आणि 'पाऊस' म्हणजे आपला माणूस पकडला गेलाय, गाशा गुंडाळा. त्या चौघांनी तो गुंडाळला. तसबीर तांदळात गेली, पदांची वही संडासातून गेली आणि ते एकमेकांना रस्त्यात ओळख दाखवेनासे झाले. त्यांची समजूत पटेपर्यंत तांदूळ संपत आलेले. हे कळल्यावर काका इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, "जावईबापू, मी इतकी वर्षं या लोकांचा सराव घेतोय, पण असा चोख सराव कुणी दिला नव्हता!" त्या दिवसापासून त्या घरात मला फोन सोडून सगळ्याला हात लावायची मुभा मिळाली.

मी त्यांचा जावई वगैरे नव्हे. काका टेलिफोन खात्यात होते. तरुणपणी त्यांची नेमणूक मोहन्याच्या बाजूला झाली आणि तिथे कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या सासऱ्यांशी त्यांची गट्टी जमली. माझ्या बायकोला, संगीताला, त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं, त्यामुळे ती 'पोरी' आणि मी 'जावईबापू'. आमच्या घरात मात्र त्यांचं नाव हवामानकाका. मी ठाण्याला एका कॉलेजच्या ऑफिसात; घरी डोंबिवलीला परतताना वाकडी वाट करून कोपरीला डोकावायचो. भक्तीसाठी नाही हो. काकूंच्या हातच्या साटोऱ्यांसाठी.

मंडळाचं नाव मी लिहीत नाही. काकांनी लावलेली सवय आहे, सुटत नाही. उपासना साधी. मंगळवारी संध्याकाळी दिवा लावायचा, महाराजांची पदं म्हणायची, मग थोडा वेळ गप्प बसायचं. (हा शेवटचा भाग मला डुलकीमुळे उत्तम जमायचा.) पण महाराजांची एक आज्ञा होती: दिवा आपल्यापाशी ठेवायचा नाही, पोचवायचा. परक्याकडे, परमुलखात, वेगळा देव मानणाऱ्याकडेही. आणि जगात असेही देश आहेत, की तिथे परका दिवा नेणं हा गुन्हा आहे. अशा देशांतलं मंडळाचं सगळं काम चालायचं ते कोपरीतून, काकांच्या एका काळ्या टेलिफोनवरून.

काकांनी जगाची वाटणी सोपी करून टाकलेली. जिथे उघड सभा घेता येते, मांडव घालता येतो, ते देश म्हणजे माहेर. जिथे परवानगी लागते पण मिळते, ते आजोळ. आणि जिथे तोंड उघडलं की संपलं, ते सासर. सासरच्या देशांची नावं काका घरातसुद्धा घेत नसत. 'थोरलं सासर', 'वाळूचं सासर', 'दोन विमानं बदलायला लागतात ते सासर'. नियमही सासरचेच. "नव्या सुनेनं काय करायचं?" काका विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "पदर डोक्यावर, नजर खाली आणि चूल आपली. पहिली काही वर्षं नुसतं वागणं बघू दे त्यांना. मग आपसूक विचारतील, बाई, तुझ्या हाताला ही चव कुठनं आली?" सासरी काही लिहायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. घंटा नाही, आरती नाही, पदं ओठांत. कुणी आपणहून विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तरी कोपरीला विचारल्याशिवाय दिवा द्यायचा नाही, म्हणजे उपासना शिकवायची नाही.

या सगळ्या धर्मकार्यात माझं योगदान एकच: मी त्यांना कॅरम शिकवला. झालं असं, की सासरी चौघं जण दार लावून गप्प बसलेले दिसले तर संशय येणारच. म्हणून काकांनी टूम काढली, मधे कॅरम बोर्ड ठेवायचा. वरच्या लटकत्या बल्बला दिवा मानायचं. बेल वाजली की स्ट्रायकर हातात. पण हे पडले पापभीरू. एकालाही कॅरम येईना. मग तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाची माझ्याकडे शिकवणी. एक पोक्त इंजिनियर राणी घेताना डोळे मिटून नमस्कार करायचे. "अहो, नमस्कार नको, कव्हर घ्या, कव्हर!" मी ओरडायचो. काका आरामखुर्चीतून म्हणायचे, "जावईबापू, महाराजांच्या कार्यात तुमचं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं असतं. पण आपण लिहीत नाही."

गुप्ततेची सवय त्यांच्या हाडीमाशी भिनलेली. खात्यात असताना लोकांची बोलणी कानावर पडायची, त्यामुळे "फोन म्हणजे चावडी" हे त्यांचं ठाम मत. घरात शिरलं की आपले मोबाइल चकलीच्या रिकाम्या डब्यात टाकायचे, वर झाकण, झाकणावर वरवंटा. भाजीवालीशीसुद्धा ते कुजबुजत, "मागच्या आठवड्यात दिलेली ती... हिरवी." ती बिचारी दर वेळी सगळ्या पालेभाज्या एकेक करून वर उचलून दाखवायची. पण देवानं त्यांची थट्टा अशी केलेली की बायको दिली कानानं अगदी जड. काकांनी कानाशी लागून काही सांगितलं, की काकू खणखणीत आवाजात विचारत, "कुठे? वाळूच्या सासरी? कुणाला पकडलं?" अख्ख्या चाळीला कळायचं. शेजारच्यांची बरीच वर्षं समजूत होती की काकांच्या चार-पाच मुली परदेशात दिल्यात आणि सगळ्यांना सासुरवास आहे.

माझा मेहुणा सुहास हा काकांचा लाडका. मोहन्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तो नुकता एसीचं काम शिकलेला. काकांनीच ओळखीनं त्याला वाळूच्या सासरी एका कंपनीत चिकटवून दिलं. सासऱ्यांचं घर पुढे चाललं ते त्याच्यावर. सुट्टीवर आला की तो आधी कोपरीला उतरायचा, काकूंसाठी खजुराचा डबा घेऊन. काकू डबा छातीशी धरून बसायच्या. काका त्याच्या पाठीवर थाप मारून आल्यागेल्याला सांगायचे, "हा सुहास. आमचा माणूस." मंडळात हे दोन शब्द म्हणजे पदक होतं. मला ते कधी मिळालं नाही, मी कॅरमवाला.

संगीताला मात्र धाकधूक असायची. एकदा तिनं सरळ विचारलं, "काका, उद्या खरंच पाऊस आला तर?"

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, पाऊस आला की इथनं निरोप जातो, छत्री घ्या. म्हणजे काय? म्हणजे गप्प राहा, घाबरू नका, आम्ही माणूस लावलाय, वकील बघतोय, घरच्यांना सांभाळतोय. मुलगी सासरी दिली म्हणून माहेरचं दार लागतं का कधी?"

हे वाक्य तिनं जपून ठेवलं. मीही. आम्हांला ते फार आवडलं होतं.

मग महाराजांच्या समाधीचं मोठं वर्ष आलं आणि काकांनी ठरवलं, की या वर्षी प्रत्येक सासरी तिथल्याच मातीतला एक तरी नवा दिवा लागला पाहिजे. मी त्या मंगळवारी कोपरीतच होतो. सुहासचा फोन आला. त्याच्या कंपनीतला तिकडचाच एक तरुण बरेच दिवस त्याच्या मागे होता, तू संध्याकाळी गप्प बसून काय करतोस, मला शिकव म्हणून. सुहासचं मन होत नव्हतं. काकांनी स्पीकर लावलेला, काकूंनाही आवाज जावा म्हणून.

"काका, इकडे हवामान बरं नाही हो. ढगाळ आहे. थांबूया ना जरा."

"अरे, त्यानं स्वतः विचारलंय ना? मग? पेरणी काय कडक उन्हात करतात? ढग बघूनच करतात."

"तसं नाही काका, त्याच्या घरचे फार..."

"सुहास. तू आमचा माणूस ना?"

मग सुहास म्हणाला, "हो काका."

त्यानं दिवा दिला. तो तरुण घरी दिवा लावून बसला असताना त्याच्या थोरल्या भावानं पाहिलं आणि पोलिसांत कळवलं. पुढे काय झालं ते आम्हांला सुहासच्या खोलीतल्या एका मल्याळी जोडीदारानं फोन करून सांगितलं, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या रडण्यात: "भाई को लेके गया." कुठे नेलं, कधी सोडतील, सोडतील की नाही, त्याला काही माहीत नव्हतं.

संगीता होती तशी निघाली. मी मागे, एका पायात चप्पल एक आणि दुसऱ्यात दुसरी. ते माझ्या कोपरीत लक्षात आलं. काकांनी दार उघडलं. संगीतानं मोबाइल चकलीच्या डब्यात टाकला नाही. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, सुहासला पकडलंय. पाऊस आलाय काका. वकील कुठला बघितलाय तुम्ही? मी कुणाला फोन करू?"

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. तिच्याकडे न बघता, माझ्या त्या विजोड चपलांकडे बघत विचारलं, "कोण सुहास?"

मला वाटलं, ही आणखी काहीतरी सांकेतिक भाषा आहे. खरंच वाटलं. मी उत्साहानं पुढे होऊन म्हणालो, "काका, वाळूच्या सासरचा हो! हवामान..."

"मी त्या नावाच्या माणसाला ओळखत नाही," काका म्हणाले. अगदी शांतपणे. खात्यात असताना 'या नंबरची सेवा उपलब्ध नाही' असं सांगत असतील तसं.

तेवढ्यात काकू आतून पदराला हात पुसत आल्या. त्यांनी संगीताचा चेहरा बघितला, ओठांवरून काहीतरी ओळखलं, आणि त्यांच्या त्या भल्यामोठ्या आवाजात विचारलं, "काय झालं गं? आपला सुहास का? खजूर आणतो तो? काय झालं त्याला? अहो, सांगा ना, काय झालं आपल्या सुहासला?"

त्या घरात आयुष्यभर काकूंच्या आवाजाची चेष्टा झाली. त्या दिवशी कुणी हसलं नाही. काका भिंतीकडे बघत राहिले. संगीतानं काकूंना वाकून नमस्कार केला आणि ती बाहेर पडली.

मी चाळीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा काका मागून आले. धापा टाकत होते. "जावईबापू, तुम्ही तरी समजून घ्या. आपण 'आमचा' म्हटलं की तिकडे सिद्ध होतं, हे एकट्याचं नाही, यामागे मंडळ आहे. मग बाकीचेही जातात. तिकडे अजून माणसं आहेत आपली. एकासाठी सगळ्यांना भिजवू?"

आता हे बोलणं चुकीचं होतं का? मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. नियम होता, नियमामागे कारण होतं, आणि त्या कारणामागे खरीखुरी माणसं होती. त्यांतल्या काहींना मी स्वतः राणी कव्हर करायला शिकवलेलं. पण मला एवढंच विचारायचं होतं: काका, तिकडे नका म्हणू. पण इथे? कोपरीत, तुमच्या घरात, मी, तुम्ही अंगाखांद्यावर खेळवलेली मुलगी आणि एक बहिरी म्हातारी. इथे कोण ऐकत होतं?

विचारलं नाही. मला वेळेवर सुचत नाही. सुचलं ते कोपरी ओलांडल्यावर.

पुढच्या मंगळवारी मी गेलो. कशाला, ते विचारू नका. कदाचित काहीतरी निरोप असेल अशी आशा. पदं झाली. मग काकांनी सगळ्यांना सांगितलं, की काही ठिकाणी काही व्यक्तींनी वैयक्तिक उत्साहापोटी मर्यादा ओलांडली आहे आणि कार्यकारिणीनं तशी नोंद घेतली आहे. वैयक्तिक उत्साह! ज्या फोनवर 'ढग बघूनच पेरतात' म्हटलं गेलं, तो फोन तिथेच तिवईवर होता, वर काकूंनी विणलेला रुमाल. सगळ्यांनी माना हलवल्या. मग गप्प बसायची वेळ झाली. त्या दिवशी मला पहिल्यांदाच डुलकी आली नाही.

वकिलातीचे फोन, ओळखीच्यांच्या ओळखी, सगळं आम्ही केलं. संगीता त्या दिवसांत मोहन्याला तिच्या आईपाशी राहिली. सासऱ्यांना सांगितलेलं, सुहासची रात्रपाळी आहे म्हणून फोन येत नाही. शेवटी सुहास सुटला, पण आमच्यामुळे नाही. कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा तिकडचाच एक वयस्क गृहस्थ होता. सुहास त्याच्या घरचा एसी कधीमधी दुरुस्त करून द्यायचा, तेवढीच ओळख. तो तिथल्या पोलीस ठाण्यात गेला, साहेबासमोर बसला आणि म्हणाला, हा मूर्ख आहे, पण वाईट नाही. हा आमचा माणूस आहे. याला घरी पाठवा.

घरी पाठवलं. परत यायचं नाही, असा शिक्का मारून. विमानतळावर सुहास बाहेर आला तो एका पिशवीनिशी. संगीतानं त्याला धरून ठेवलं. मला काय करावं कळेना, म्हणून मी पिशवी हातात घेतली; ती इतकी हलकी होती की माझा तोल गेला.

घरी जेवताना मी काकांवर तोंडसुख घेत होतो. सुहास वरणभात कालवत म्हणाला, "जाऊ द्या ना भावोजी. काकांनी नियम पाळला."

"नियम! अरे, निदान छत्री घ्या एवढं तरी कळवायचं."

"मी केलेला ना फोन." तो मान वर न करता म्हणाला. "तिकडे एक फोन करू देतात. तुमच्याकडे केला असता तर ताई रडली असती. म्हटलं, काका बघतील. कोपरीला लावला. त्यांनीच उचलला. मी म्हटलं, काका, पाऊस लागलाय."

"मग?"

"'राँग नंबर' म्हणाले. ठेवला."

संगीताच्या हातातली तुपाची लोटी तशीच राहिली. म्हणजे आम्ही दारात उभे होतो, तेव्हा काकांना सगळं ठाऊक होतं. आमच्या आधीपासून.

सुहास आता कल्याणात एसी दुरुस्तीची कामं करतो. मंगळवारी दिवा लावतो. पदं मोठ्यानं म्हणतो, इथे कोण अडवणार. एकदा त्यानं कल्याणच्या बाजारातून खजूर आणले आणि माझ्याकडे दिले, "काकूंना द्या. म्हणावं, तिकडचेच आहेत." मी म्हटलं, अरे, त्या घरात? तर म्हणाला, "एका माणसानं तरी नाव घेतलं ना माझं." मी खजूर नेले. काकूंनी डबा छातीशी धरला. काका आत होते. बाहेर आले नाहीत. मीही हाक मारली नाही. कोपरीची ती वाकडी वाट तिथे सरळ झाली.

माणूस असा तुटत नाही पण. घरी फोन वाजला की मी अजून "चावडी" म्हणतो. मुलीला नोकरीसाठी कोणत्या देशात जाऊ नये ते सांगताना 'सासर' म्हणून जातो. भाजीवालीकडे कुजबुजताना परवा स्वतःला पकडलं. ज्याच्यावर इतका राग आहे त्याच्याच सवयी आपल्या अंगात राहायला आल्यात, भाडंही न देता, याचा काय उपाय करायचा?

आणि गेल्या श्रावणात, दुपारी, त्यांचा फोन आला. आवाज खूप थकलेला. इकडचं तिकडचं काही नाही. "जावईबापू," म्हणाले, "हवामान कसंय तुमच्याकडे?"

मी सवयीनं खिडकीतून बघितलं. बाहेर धो धो चाललेलं. "पाऊस आहे, काका," मी म्हणालो.

काकांनी विचारलं, "जोरात आहे?"

"हो."

"मग... छत्री घ्या हो." आवाज फाटला. "सगळ्यांना सांगा. छत्री घ्या म्हणावं."

मी "हो काका, सांगतो काका, तब्येतीला जपा" असलं काहीबाही बोललो, दोन-तीनदा बोललो आणि फोन ठेवला.

संगीता समोर मेथी निवडत बसलेली. तिनं वर बघितलं नाही.

"कोण होतं?"

"काका."

"काय म्हणाले?"

"छत्री घ्या म्हणाले."

तिनं हातातली जुडी सोडवली, एक एक पान खुडत राहिली. मग म्हणाली, "राँग नंबर म्हणून सांगितलं नाहीत?"